शिवेपलीकडचा सोबती

बुलढाण्याहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघालेल्या प्रवाशाला वाटेत धाड हे गाव लागते. वऱ्हाड जेथे संपते आणि मराठवाडा जेथे सुरू होतो, त्या हद्दीजवळचे हे गाव. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. तेव्हापासून १९४७ पर्यंत धाडच्या बाजूला इंग्रजी अंमल आणि पलीकडे भोकरदनच्या बाजूला निजामाचा अंमल होता. ख्रिस्तसभेच्या नकाशावरही ही हद्द उमटलेली आहे. बुलढाणा जिल्हा १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो, तर शेजारचा जालना जिल्हा १९७७ साली निर्माण झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात.

अशा मुलखातल्या माणसाला शीव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पाहुण्याला निरोप द्यायचा तो शिवेपर्यंत जाऊन. अनोळखी वाटसरूला वाटाड्या द्यायचा तोही पुढच्या गावच्या शिवेपर्यंत. तेथून पुढे दुसऱ्या गावचा वाटाड्या त्याला घेऊन जाई. मरणाच्या बाबतीतही रीत हीच. माणूस गेला की तिरडीला चार खांदे लागतात, वाटेत विसाव्याच्या जागी ती क्षणभर टेकवतात, खांदेपालट होते, आणि शेवटी सारी माणसे मागे वळून घरी येतात. माणसाची सोबत शिवेवर संपते. मग शिवेपलीकडे त्या जिवाबरोबर कोण जाते? हा प्रश्न प्रत्येक धर्माने स्वतःला विचारला आहे, आणि त्याला मिळालेल्या उत्तरांना एक इतिहास आहे.

मराठी मुलखातली उत्तरे

आपल्या शेजाऱ्यांच्या घरी गरुडपुराणातली वाट ठाऊक आहे: यमदूत, वैतरणी नदी आणि ती पार करण्यासाठी दान दिलेली गाय. भागवतातली अजामिळाची कथाही कीर्तनांतून घरोघर पोचली आहे. मरताना भ्यालेल्या त्या माणसाने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण असल्याने विष्णुदूत धावून आले आणि त्यांनी त्याला यमदूतांच्या हातून सोडवले. मुसलमान शेजारी मलकुल मौत या मृत्यूच्या देवदूताविषयी सांगतात, आणि सज्जनांचे प्राण घेताना देवदूत त्यांना शांती चिंततात असे कुराण म्हणते. पारशी बांधवांच्या श्रद्धेप्रमाणे स्रोश हा देवदूत तीन रात्री मृताच्या आत्म्याची राखण करतो आणि चौथ्या पहाटे तो आत्मा चिनवत पुलापाशी पोचतो. वाटा वेगवेगळ्या आहेत, पण जीव एकटा जात नाही ही भावना सर्वांत सारखी आहे.

याच बुलढाणा जिल्ह्याच्या मातीत मृताच्या सोबतीची एक विलक्षण कथा रुजली आहे. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. चोखोबा महार समाजातले. पंढरीच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गेले. हे साल १३३८ चे धरतात. ज्या कुसाबाहेर आयुष्य काढायचे, तेच कूस बांधताना मरण आले. त्या ढिगाऱ्यात कोणाची हाडे कोणती हे सांगणार कोण? तेव्हा संत नामदेव तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाम ऐकू आले ती चोखोबांची, हे त्यांनी ओळखले, ती पंढरपुरी आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिचा गाभा हलत नाही. एक भक्त दुसऱ्या भक्ताच्या अस्थींसाठी मजुरांच्या ढिगाऱ्यापाशी गेला. आपल्याला येथे तोबिताच्या पुस्तकाची आठवण होते. निनवेच्या बंदिवासात राजाचा रोष पत्करून तोबित आपल्या बांधवांची टाकून दिलेली प्रेते पुरत असे. त्या पुस्तकात देवदूत राफाएल प्रथम भेटतो तो मजुरीवर ठरवलेला वाटाड्या म्हणून. तोबियाला दूरच्या प्रवासाला न्यायचे आणि सुखरूप परत आणायचे, हे त्याचे काम. ओळख तो शेवटी देतो आणि सांगतो की तोबित मृतांना मूठमाती देत होता तेव्हाही आपण त्याच्याजवळच होतो. देवाचा दूत वाटाड्याचे रूप घेतो, ही बायबलची कल्पना मराठी खेड्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

शिदोरी आणि सोबत

शुभवर्तमानात या श्रद्धेचे मूळ लूकच्या सोळाव्या अध्यायात आहे. श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर मरण पावतो आणि देवदूत त्याला अब्राहामाच्या उराशी नेऊन पोचवतात. श्रीमंतही मरतो, त्याला पुरतात. प्रभू येशूने देवदूतांची सोबत ज्याच्या वाट्याला दिली तो फोडांनी भरलेला भिकारी होता, हे विसरून चालणार नाही.

त्या काळच्या ग्रीक व रोमी लोकांत मृताच्या तोंडात नाणे ठेवण्याची चाल होती, कारण मृतांची नदी पार करून देणाऱ्या नावाड्याला उतराई द्यावी लागते अशी समजूत होती. ख्रिस्ती लोकांनी मरणोन्मुखाच्या मुखात नाण्याऐवजी ख्रिस्तशरीर दिले. त्याला लॅटिनमध्ये जे नाव पडले त्याचा अर्थ वाटेची शिदोरी, पाथेय. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने आपल्या तेराव्या नियमात ठरवून दिले की मरणाच्या दारी असलेल्या कोणालाही, प्रायश्चित्त भोगत असलेल्यालासुद्धा, ही शिदोरी नाकारू नये. या शिदोरीत यजमान स्वतःच वाटसरूबरोबर निघतो. ख्रिस्तसभेच्या श्रद्धेचे सार एवढेच आहे. देवदूत, संत आणि पवित्र मरिया सोबतीला असतात ते त्याच्या परिवारातले म्हणून.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी यांनी आपल्या संवादग्रंथाच्या चौथ्या भागात मरणसमयीच्या अनेक हकिगती लिहून ठेवल्या. त्यांतली सेर्वुलुसची हकिगत मनाला भिडते. रोममध्ये संत क्लेमेंटच्या मंदिराच्या ओसरीवर हा पक्षाघाताने जखडलेला भिकारी पडून असे. त्याला वाचता येत नव्हते. तरी त्याने पवित्र ग्रंथ विकत घेतले होते आणि आल्यागेल्या यात्रेकरूंकडून तो ते वाचून घेई. मिळालेल्या भिकेतला वाटा तो इतर गरिबांना देई. शेवट जवळ आल्यावर त्याने उतरलेल्या यात्रेकरूंना उभे राहून स्तोत्रे गायला सांगितले. गाता गाता त्यानेच त्यांना थांबवले, कारण स्वर्गातले गायन त्याला ऐकू येत होते. ते ऐकत त्याने प्राण सोडला. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी माणसे उभी राहून गायली, मग देवदूतांचे गाणे ऐकू आले.

आठव्या शतकाच्या अखेरच्या हस्तलिखितांत मरणोन्मुखासाठीची एक प्रार्थना सापडते. ख्रिस्ती जिवाला पवित्र त्रैक्याच्या, देवदूतांच्या आणि संतांच्या नावे या जगातून निघण्यास ती निरोप देते. आजही आपले धर्मगुरू ती म्हणतात. कबरस्थानाकडे जाताना देवदूतांनी या जिवाला स्वर्गात न्यावे, हुतात्म्यांनी सामोरे यावे आणि एके काळी दरिद्री असलेल्या लाजरच्या संगतीत त्याला विसावा मिळावा, अशी विनवणी करणारे गीतही तितकेच जुने आहे. जुन्या अंत्यविधीच्या मिस्सात संत मायकल ध्वज घेऊन जिवाला प्रकाशाकडे नेताना दिसतो. क्लुनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी ९९८ च्या सुमारास २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस आपल्या मठांत सुरू केला. गेलेल्यांना शुद्धिस्थळात प्रार्थनेची सोबत द्यावी, हा त्यामागचा विचार.

चौदाव्या शतकातल्या काळ्या महामारीत युरोपातली गावेच्या गावे ओस पडली आणि धर्मगुरूही मोठ्या संख्येने दगावले. पुढल्या शतकात 'सुमरणाची कला' शिकवणारी छोटी पुस्तके हातोहात पसरली ती याच पार्श्वभूमीवर. त्यांतल्या चित्रांत मरणशय्येभोवती एका बाजूला मोह घालणारे सैतान आणि दुसऱ्या बाजूला धीर देणारे देवदूत दाखवलेले असत. धर्मगुरू नसेल तर शेजाऱ्याने आजाऱ्याला काय विचारावे, कोणती प्रार्थना म्हणावी, हे त्यांत सांगितलेले असे. १६४८ साली येशूसंघाचे प्रमुख फादर विन्चेन्झो काराफा यांनी रोममध्ये सुमरणाची बंधुसभा स्थापन केली, ती याच परंपरेतून.

कोकणातून दख्खनच्या पठारावर

आपल्या किनाऱ्यावर ही श्रद्धा पोर्तुगीजांबरोबर आली. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेली मिझेरिकॉर्डिया म्हणजे दयेची बंधुसभा. तिच्या शाखा गोव्यात आणि वसईतही निघाल्या. बेवारस मृतांना पुरणे आणि फाशीच्या कैद्याला वधस्तंभापर्यंत सोबत करणे ही तिच्या सभासदांची कर्तव्ये होती. त्या सत्तेने केलेल्या जुलमाचे समर्थन कोणी करू नये. पण ज्याला साऱ्या नगराने टाकले त्याच्या शेजारून शेवटची पावले चालणारा कोणीतरी असला पाहिजे, हा विचार मात्र तिच्याबरोबर येथे आला.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि त्यांनी पहिले काम केले ते रुग्णालयातल्या व तुरुंगातल्या लोकांजवळ बसण्याचे. किती मरणोन्मुखांचे हात त्यांनी धरले असतील याची गणती नाही. त्यांचे स्वतःचे मरण मात्र ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्शियान बेटावर एका झोपडीत झाले. जवळ एकही धर्मगुरू नव्हता. सोबत होती ती अंतोनियो नावाच्या एका चिनी ख्रिस्ती सेवकाची. ज्यांच्या दर्शनाला आज लाखो लोक जुन्या गोव्यात जातात, त्या संताचे डोळे मिटताना पाहिले ते एका सामान्य प्रापंचिकाने.

याच सुमारास 'नमो मरिया' या प्रार्थनेचा उत्तरार्धही स्थिर झाला. आता आणि मरणाच्या घडीला पवित्र मरियेने आमच्यासाठी विनंती करावी, हे मागणे १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात कायमचे आले. दर संध्याकाळी जपमाळ म्हणणारे आपले कुटुंब आपल्या मरणाच्या घडीची सोबत पन्नास वेळा मागून ठेवते! फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत छापले आणि प्रभूचे दुःखसहन व मरण येथल्या लोकांना ओव्यांतून ऐकता आले. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर युरोपीय धर्मगुरू गेले, पण देशी धर्मगुरूंच्या आणि घरोघरच्या प्रार्थनांच्या आधारावर श्रद्धा टिकली. मरणोन्मुखाच्या हाती आशीर्वादित मेणबत्ती देणे, पवित्र पाणी शिंपडणे, कानात येशू, मरिया व जोसेफ ही नावे सांगणे आणि चर्चची घंटा ऐकताच शेजाऱ्यांनी हातातले काम टाकून येणे, या चालींनी ती पिढ्यान् पिढ्या जपली.

पठारावर ही श्रद्धा पोचली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अहमदनगरच्या बाजूला येशूसंघीय आले आणि औरंगाबादच्या बाजूला घोगरगाव परिसरात फ्रान्सालियन धर्मगुरू आले. त्यांच्याकडे १८८७ साली स्थापन झालेला विस्तीर्ण नागपूर धर्मप्रांत सोपवलेला होता. येथे ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतले लोक. या ठिकाणी आपल्याला सुरुवातीच्या वाटाड्याकडे परत गेले पाहिजे.

तो वाटाड्या कोण होता? गावगाड्यात शिवेची राखण करणे, शिवेचा तंटा पडला तर साक्ष देणे, सरकारी माणसाला आणि वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवणे ही महाराची कामे. गावात कोणी मेले तर पायपीट करून परगावच्या सोयऱ्यांना ती बातमी सांगणे आणि सरपण वाहून आणणे हीदेखील त्याचीच. सगळ्या गावाच्या मरणाला जो सोबत करी, त्याच्या मरणाला गावातला कोण येई? त्याची वस्ती शिवेकडेला होती आणि तिकडे पाऊल टाकणेही निषिद्ध मानले जात असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनी वेठीविरुद्ध आयुष्यभर लढा दिला; मुंबई राज्यात कायद्याने ती वतने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले.

अशा वस्तीत धर्मगुरू घोड्यावरून किंवा पायी येई, खोपटात वाकून शिरे, जमिनीवर बसे, आजाऱ्याच्या कपाळाला हात लावून तैलाभ्यंग देई आणि त्याच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवी. ज्याचा स्पर्श गावाला चालत नव्हता त्याला हा स्पर्श होत होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, पाठोपाठ प्लेग आणि १९१८ ची तापाची साथ यांत मरण स्वस्त झाले, तेव्हा या स्पर्शाचे मोल आणखी वाढले. धर्मगुरू थोडे आणि गावे दूरदूर. म्हणून बहुतेक वेळा आजाऱ्याच्या उशाशी बसे तो गावातला मास्तर. प्रार्थना शिकवणारा आणि मुलांना अक्षरे गिरवायला लावणारा हा धर्मशिक्षक अंतकाळी बाप्तिस्मा देई, पश्चात्तापाची प्रार्थना हळूहळू म्हणवून घेई, आणि धर्मगुरू वेळेवर पोचला नाही तर मूठमातीही त्याच्याच प्रार्थनेने होई. यांतल्या बहुतेकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांना शिवेपर्यंत पोचवणाऱ्या समाजातले हे वाटाडे आता आपल्या माणसांना शिवेपलीकडच्या सोबत्याच्या हाती सोपवत होते.

आपण स्वतःची फार पाठ थोपटून घेऊ नये. जातीची भिंत ख्रिस्ती समाजातही शिरली आणि काही ठिकाणी ती मंदिराच्या बाकांपर्यंत व कबरस्थानापर्यंत गेली. लाजरची कथा वाचणाऱ्यांनी लाजरला वेगळ्या कोपऱ्यात पुरावे, यासारखी दुसरी विसंगती नाही.

आजची मरणशय्या

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले की तैलाभ्यंग हा केवळ अखेरच्या श्वासाचा संस्कार नव्हे, आजार गंभीर होऊ लागताच तो द्यावा. १९६९ च्या नव्या अंत्यविधीने काळ्या वस्त्रांपेक्षा पुनरुत्थानाच्या आशेला पुढे आणले. मानवी जीवन आरंभापासून मरणापर्यंत देवदूतांच्या राखणीत असते, असे १९९२ चे धर्मशिक्षण शिकवते. खेड्यापाड्यांत आजारी माणूस कधी म्हणतो, आई मला न्यायला आली आहे. पोप ग्रेगरींनी अशा हकिगती हसण्यावारी नेल्या नाहीत, आपणही नेऊ नयेत. त्या श्रद्धेची अट मात्र नाहीत, आणि मृतांना बोलावून घेण्याचे प्रकार तर ख्रिस्तसभेने सर्वस्वी वर्ज्य केले आहेत.

खरी अडचण दुसरीकडे आहे. पूर्वी माणूस घरी मरत असे आणि शेजार त्याच्याभोवती असे. आज तो यंत्रांच्या गराड्यात काचेआड असतो आणि नातलग बाहेरच्या बाकावर बसून असतात. २०२० व २०२१ च्या कोरोनाच्या साथीत हे दुःख टोकाला गेले. मुलाला बापाचे तोंड पाहता आले नाही, बायकोला नवऱ्याला माती देता आली नाही. त्या वेळी, मार्च २०२० मध्ये, रोममधील प्रायश्चित्त न्यायमंडळाने एक आदेश काढला. ज्यांना तैलाभ्यंग व पाथेय मिळणे शक्य नाही, त्यांना ख्रिस्तसभेने देवाच्या दयेवर सोपवले आणि मरणघडीची पूर्ण दंडमाफी दिली. आयुष्यात प्रार्थना करण्याची सवय असली आणि मनाची योग्य तयारी असली म्हणजे पुरे, बाकीच्या अटींची उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढील. त्याच वर्षी ८ डिसेंबरला संत जोसेफ यांचे वर्ष सुरू झाले. येशू आणि मरिया यांच्या सान्निध्यात ज्यांचे देहावसान झाले असे परंपरा मानते, ते संत जोसेफ सुमरणाचे आश्रयदाते आहेत.

सोबतीचा जुना वसा आजही चालवणारे आहेत. मदर तेरेसा यांनी १९५२ साली कलकत्त्याच्या काळीघाटला 'निर्मल हृदय' उघडले ते रस्त्यावर मरणाऱ्यांसाठी. भारतातले पहिले मरणोन्मुख-सेवागृह 'शांती आवेदना सदन' १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. या चळवळीची आधुनिक जननी डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला काढलेल्या सेवागृहाला प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांचे नाव आहे. मरणारा माणूस प्रवासी आहे, ही जाणीव त्या नावातही दिसते.

वाचकहो, या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. देवदूत जिवाला नेण्यास येतात हा विश्वास तेथेच जिवंत राहिला, जेथे त्यांच्या आधी कोणी माणूस उशाशी येऊन बसला होता: ओसरीवरचे यात्रेकरू, बेटावरचा अंतोनियो, मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यापाशी गेलेले नामदेव, वस्तीवरचा मास्तर. जेथे माणसे जायची थांबली तेथे देवदूत भिंतीवरच्या तसबिरीत राहिले.

म्हणून आपल्या धर्मग्रामात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर धर्मगुरूंना वेळेवर कळवावे, उद्यावर टाकू नये. आजाऱ्याच्या घरी फळे घेऊन जाण्याबरोबर अर्धा तास बसावे, हात हातात घ्यावा, जपमाळेचे एक दशक म्हणावे. जवळ जाता येत नसेल तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातलगांशेजारी बसावे. ज्या घरी कोणी फिरकत नाही, त्या घरी आधी जावे. नोव्हेंबरात कबरींवर दिवे लावताना ज्या कबरीवर कोणी येत नाही तिच्यावरही एक दिवा ठेवावा.

धाडच्या पलीकडे रस्ता पुढे जातो आणि जिल्हा बदलतो, धर्मप्रांत बदलतो. वाटाड्या लागत होता त्या दिवसांत तो येथे वाटसरूला दुसऱ्याच्या स्वाधीन करून माघारी फिरत असे. आपले काम तेवढेच आहे. शिवेपर्यंत आपण जायचे, आणि तेथे तो उभा आहे या भरवशावर आपले माणूस त्याच्या हाती द्यायचे.